धुनकी वाजली की अम्मी

बार्शीटाकळीत आमच्या भिंतीला भिंत लागून गुलफाम पिंजाऱ्याचं घर. माणूस मुळातच घायकुता, त्या दिवशी तर त्याचे पाय जमिनीवर नव्हते. सकाळपासून तीनदा येऊन सांगून गेला, "मावशी, हीना येऊन राह्यली आज!"

शेवटी मी खेकसले, "अरे बापा, समजलं मले! पोट्टीचं नाक पूस पह्यले."

पण मीही फुलून गेले होते, खोटं कशाला सांगू!

हीना गुलफामची बायको, अकोल्याच्या दवाखान्यात नर्स. करोना आला आणि तिची ड्यूटीही तिथंच, मुक्कामही तिथंच. त्रेसष्ट दिवस! इकडं सहा वर्षांचा शाहनवाज आणि सव्वा वर्षाची जेबा बापाच्या गळ्यात. गावात घराघरात कापूस पडून होता, पण गादी भरून घेणार कोण? गुलफाम घरचीच गादी उसवायचा, कापूस पिंजायचा, परत भरायचा. उरलेल्या वेळात दूध उतू जाऊ द्यायचा. भात लावायला मी त्याला भिंतीवरून ओरडून शिकवलं.

रोज चारला हीनाचा व्हिडिओ कॉल यायचा. त्यासाठी गुलफामनं युक्ती काढली होती. फोन आला की पिंजायच्या धुनकीची तार छेडायची, टंऽऽय! जेबा असेल तिथून दुडदुडत यायची आणि मोबाइलला गाल लावून "अम्मी" म्हणायची. आम्ही हसायचो. हीना मात्र एकदा मला म्हणाली, "मावशी, पोरगी मले वळखीन ना वो?"

"काहून नाई वळखणार?" मी दटावलं. पण त्या रात्री मला झोप आली नाही.

दुपारी ऑटो आला. शाहनवाज ओरडतच आईच्या कमरेला बिलगला. हीनानं मास्क काढला, हात पसरले. "जेबा, आ बेटा."

जेबानं एकवार पाहिलं आणि बापाच्या पायामागं दडली. हीना पुढं सरकली तशी पोरीनं भोकाड पसरलं. गुलफामचा चेहरा उतरला.

हीनानं डोळे पुसले, घरभर नजर फिरवली. "धुनकी कुठं हाय?"

या शहाण्यानं बायको येणार म्हणून घर आवरलं होतं आणि धुनकी मागच्या खोलीत टाकली होती! शाहनवाज पळत गेला, ओढत घेऊन आला. हीनानं तार छेडली. टंऽऽय!

जेबाचं रडणं थांबलं. ती धावली, पण कोनाड्यातल्या मोबाइलकडं. दोन्ही हातांनी उचलून पाहते तर काच काळी. ती गोंधळली. हीनानं पुन्हा तार छेडली. जेबानं मान वर केली, आईच्या तोंडाकडं बघत राहिली.

"अम्मी!"

तिच्या हातातला मोबाइल फरशीवर आपटला, काचेला तडा गेला. गुलफाम खाली पाहीना. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हा वेडा हसत होता. "फुटू द्या मावशी! आता काय कराचं त्याले?"

जेबा आईच्या गालाला गाल लावून बसली होती.