पिल्लं सुटली का

जेवणं आटोपलीत. मामांच्या खोलीतल्या पलंगावर मी पाठ टेकायला म्हणून आडवी होते. झोपायचं नाहीये, एका गिऱ्हाइकाच्या लग्नाचा अल्बम संध्याकाळपर्यंत जोडून द्यायचाय. पण पंखा एका लयीत कुरकुरतोय आणि स्वयंपाकघरात आत्या दाण्याचं कूट करतायत. खलबत्त्याचा आवाज आधी भिंतीपलीकडे असतो, मग दोन घरं सोडून, मग नदीपलीकडे कुठेतरी.

मामा म्हणजे माझे सासरे, दामोदर थोरवडे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूबाईंना आत्या. मामांना जाऊन चौदा महिने झाले. त्यांच्या माशांच्या चार काचेच्या टाक्या समोरच्या भिंतीला लागून अजून उभ्या आहेत, कोरड्या ठाक. माझा नवरा, उदय, उद्या त्या एका ओळखीच्या माणसाला देऊन टाकणार आहे. त्याने विचारलं तेव्हा मीच पटकन हो म्हटलं. मला त्या टाक्यांकडे बघवत नाही. का, ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

मी कुशीवर वळते. भिंतीकडे पाठ करते. आणि पाठीमागे बुडबुडे ऐकू येतात.

हवेचा पंप तर केव्हाच काढून माळ्यावर ठेवलाय.

मी वळून बघते. मामा टाकीसमोर लाकडी स्टुलावर बसलेत. अंगात बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, चष्मा कपाळावर चढवलेला. टाकीत पाणी आहे, कोऱ्या चहाच्या रंगाचं. बदामाची वाळकी पानं टाकून मामा पाणी असंच करायचे. त्यांच्या माशांना तेच मानवायचं.

"हेमा, काच आतून पुसली नाहीस वाटतं," ते वळून न बघताच म्हणतात. "असे फोटो काढलेस तर सगळे मासे धुक्यात हिंडताना दिसतील."

"पुसते, मामा," मी म्हणते. मला भीती वाटत नाही. फक्त आपण उशिरा उठलोय असं काहीतरी वाटतं.

"चल मग," ते म्हणतात आणि उठतात. मी पलंगावरून पाय खाली सोडते, तर खाली फरशी नाही, लोखंडी जाळी आहे. आम्ही फिल्टर हाऊसमध्ये आहोत. मामांनी एकतीस वर्षं इथे नोकरी केली, गावाचं पाणी गाळून, औषध घालून वर टाकीत चढवलं. मी फक्त एकदा आले होते, लग्नानंतर, पेढे द्यायला. तेव्हा हे हौद हिरवट, स्वच्छ होते. आत्ता त्यांच्यात तेच चहाच्या रंगाचं पाणी आहे आणि तळाशी बदामाच्या पानांचा थर.

पानांतून एक मासा बाहेर येतो. बोटाच्या दोन पेरांएवढा. निळसर अंग, पाठीवर कोंबड्याच्या तुऱ्यासारखे काटे, शेपटीला नारिंगी ठिपके. ॲपिस्टो. दक्षिण अमेरिकेतल्या ओढ्यांमधला हा बुटका सिक्लिड मासा मामांनी कधीतरी पुण्याहून पिशवीतून आणला आणि रिटायर झाल्यावर त्यांचं सगळं आयुष्यच त्याच्याभोवती फिरायला लागलं. आमचं बोअरचं पाणी क्षारांनी जड, नळाच्या पाण्यात क्लोरीन. म्हणून गच्चीवर ड्रम लावून ते पावसाचं पाणी साठवायचे, वर्षभर पुरवायचे. पिल्लांसाठी पहाटे उठून मिठाच्या पाण्यात किडे उबवायचे. आत्या म्हणायच्या, "पोरांच्या दुधाला एवढे कधी उठले नाहीत."

आणि फोटो काढायला मी. माझ्याकडे कॅमेरा होता, जवळून फोटो घ्यायची लेन्स होती. खिडकीला काळं कापड लावून आम्ही दोघं तासन्‌तास टाकीसमोर बसायचो. सून-सासरे एवढा वेळ एका खोलीत न बोलता बसतात याचं शेजारणींना नवल वाटायचं. मादी अंड्यांवर आली की हळदीसारखी पिवळी होते, डोळ्यांतून काळी रेघ उमटते. तो रंग चढण्याची वाट बघायची. "डोळ्यावर फोकस धर," मामा कुजबुजायचे, जणू माशाला ऐकू जाईल.

"मादी कुठाय?" मामा हौदावर वाकून विचारतात.

 हौदात मादी नाही. मला माहीत आहे ती का नाही.

"मामा, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"सांग की. पण चालता चालता सांग, वेळ होत आलीय."

कसली वेळ, ते मी विचारत नाही. आम्ही जाळीवरून चालतो आणि जाळी संपते तिथे दवाखान्याचा तो लांब व्हरांडा सुरू होतो. तीच पिवळी भिंत, तेच बाक. फक्त भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागात पाणी आहे, काचेमागे असावं तसं, आणि बाकांवर बसलेली माणसं पाय वर घेऊन बसलीयत. कुणाला त्याचं काही वाटत नाही.

मामांना इथे आणलं तेव्हा घरी एका टाकीत मादीने अंडी दिली होती, टाकीत ठेवलेल्या छोट्या गुहेच्या छपराला चिकटवून. स्ट्रेचरवरसुद्धा मामा मला सांगत होते, "रोज ड्रममधलं दोन तांबे पाणी घाल. जास्त नको. नळाचं तर अजिबात नको." तीन दिवस मी घातलं. चौथ्या दिवशी ड्रमचा तळ लागला. मला डबा घेऊन दवाखान्यात जायचं होतं, मुलीची परीक्षा होती, आत्यांना रडू आवरत नव्हतं. टाकीतलं पाणी खाली गेलं होतं. मी नळाखाली बादली भरली आणि ओतली. एका बादलीने काय होतंय, असं म्हटल्याचंही मला आठवतं. मोठ्याने म्हटलं होतं.

सकाळी मादी तळाशी आडवी पडली होती. पिवळा रंग पुसून गेलेला, राखेसारखी. अंडी पांढरी पडलेली. दुपारपर्यंत नरही गेला. मामांनी सहा वर्षं राखलेल्या माशांच्या घराण्यातली ती शेवटची जोडी होती.

त्या संध्याकाळी भेटायच्या वेळेत मामांनी मास्क खाली ओढून विचारलं, "पिल्लं सुटली का?"

अंड्यातून निघालेली पिल्लं पोहायला लागली, आईमागे टाकीभर फिरायला लागली, की त्याला मामा सुटली म्हणायचे.

मी म्हटलं, "सुटली, मामा. सत्तर तरी असतील." आणि मोबाईलमधला वर्षापूर्वीचा एक फोटो काढून त्यांच्यासमोर धरला. पिवळी मादी, भोवती धुळीच्या कणांसारखी पिल्लं. त्यांनी खूप वेळ बघितला. मग डोळे मिटून मान हलवली. पहाटे ते गेले.

हे सगळं मी व्हरांड्यातून चालता चालता त्यांना सांगते. सांगताना आवाज येत नाही, तरी त्यांना कळतंय. शेवटी आवाज येतो.

"तुम्ही मरायला टेकला होतात आणि मी तुमच्याशी खोटं बोलले, मामा. खोटा फोटो दाखवला."

मामा थांबतात. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतात आणि माझ्याकडे नीट बघतात.

"तो फोटो करवंटीचा होता."

"काय?"

"मादीच्या मागे गुहा म्हणून ठेवलेली नारळाची करवंटी होती. करवंटी मी केव्हाच काढून टाकली होती, तिची कड माशाला लागत होती म्हणून. या खेपेला कुंडीचं खापर ठेवलं होतं. अंडी खापरात होती, हेमा."

मी आठवून बघते. खापरच होतं. पांढरी अंडी मी खापरावरूनच खरवडली होती, माझ्याच नखांनी.

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं?"

"एकतीस वर्षं पाणी बघितलंय मी. पाणीसुद्धा जुनं होतं फोटोतलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? ताप होता, छातीत घरघर. आणि तू एवढ्या जिवाच्या आकांताने मोबाईल धरला होतास. म्हटलं, पोरीने चार-पाच दिवसांत काय काय निस्तरलं असेल. वर मी तिला करवंटी कशाला दाखवू?"

बाकावरची एक बाई आमच्याकडे बघून हसते आणि पाय आणखी वर घेते.

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. माशांचं वाटलं. जोडी चांगली होती." ते थोडं चालतात. मग खाकरतात. आत्यांपासून काही लपवलेलं सांगायचं असलं की ते असंच खाकरायचे. "आता निघालंच आहे तर ऐक. तू पहिल्यांदा फोटो काढलास ती जोडी आठवते?"

"सांगलीच्या तुमच्या मित्राला दिलीत ती?"

"सांगलीला माझा कोणी मित्र नाही."

मला कळायला वेळ लागतो.

"मारलीत?"

"नळाचं पाणी," मामा म्हणतात. "घाई होती. म्हटलं, एका बादलीने काय होतंय. गावाला जन्मभर क्लोरीन पाजणारा माणूस मी, आणि माझ्याच हाताने! तू नवी नवरी, तो फोटो मोठा करून भिंतीला लावलेलास. तुला कुठल्या तोंडाने सांगू? मग सांगली काढली."

"मी त्या मित्राला दरवर्षी तिळगूळ पाठवत होते, मामा! तुम्ही न्यायचात!"

"चांगला असायचा. स्टँडवर बसून खायचो."

मी हसायला लागते. तोंडावर हात धरते, दवाखाना आहे म्हणून, पण हसू थांबत नाही. मामाही हसतायत, खांदे हलवत, आवाज न करता, टाकीसमोर मासे बिचकू नयेत म्हणून हसायचे तसे. हसता हसता मी रडते. चौदा महिने छातीवर कुणीतरी पाटा ठेवला होता आणि आता तो उचलून बाजूला ठेवलाय, इतकं ते साधं आहे. श्वास आत जातो. पार खालपर्यंत जातो.

डोळे पुसून बघते तर व्हरांडा नाही. आम्ही वाळूत बसलोय. आमच्या नदीची वाळू आहे, पण पाणी काळपट, तांबूस, आणि दोन्ही काठांवरून अनोळखी झाडं खाली वाकलेली. ऊन पानांतून गळतंय. उथळ पाण्यात पानांचा थर आहे.

"हात घाल," मामा म्हणतात.

मी उजवा हात पाण्यात घालते. पाणी कोमट आहे, अंघोळीच्या शेवटच्या तांब्यासारखं. एक पान हलतं आणि खालून मादी येते. पिवळीधमक. ती माझ्या बोटांकडे बघते, अंग वाकवून एक झटका देते, आणि तिच्या मागून पिल्लं उठतात. पन्नास, सत्तर, मोजता येत नाहीत. ती माझ्या बोटांमधून जातात. त्यांचा स्पर्शसुद्धा कळत नाही, फक्त पाणी जरासं जिवंत वाटतं.

"कॅमेरा नाही आणला मी," मी कुजबुजते.

"राहू दे. नुसतं बघ."

आम्ही बघतो. किती वेळ, कोण जाणे. पिल्लं बोटांमधून जातात, परत येतात. मादी वळून वळून मोजते.

"उदय टाक्या देऊन टाकतोय उद्या," मी म्हणते. "मी हो म्हटलंय."

"दे की. काच आहे ती." मामा लेंग्याला लागलेली वाळू झटकतात. "परत पाळावेसे वाटले तर नवीन घे. नाही वाटलं तर नको घेऊस. माझ्यासाठी म्हणून मासे पाळायचे नाहीत, काय? मासा ज्याचा त्याने पाळावा."

"बरं."

"आणि तुझ्या आत्याला सांगू नकोस तिळगुळाचं."

"नाही सांगत."

ते उठतात. गुडघ्यावर हात टेकून, नेहमीसारखे, "आई गं" म्हणत. "वॉल्व बघून येतो," ते म्हणतात आणि पाण्याच्या कडेने चालायला लागतात. मला त्यांना थांबवावंसं वाटत नाही. रोज संध्याकाळी ते असेच ड्युटीवर जायचे आणि आम्ही कुणी दारापर्यंतही जायचो नाही. मी हात पाण्यात तसाच ठेवते. पिल्लं अजून आहेत.

"हेमा! अगं ए हेमा! चार वाजले."

आत्या दारात उभ्या आहेत, हातात चहाचा कप. पंखा कुरकुरतोय. माझी मान अवघडलीय, उशी एका बाजूला भिजलीय, आणि अंगात ताप उतरल्यावर असतो तसला हलकेपणा आहे. टाक्या कोरड्या आहेत. मी त्यांच्याकडे सरळ बघते आणि मला काही होत नाही.

"मेल्यासारखी झोपलीस बाई," आत्या पलंगाच्या कडेला टेकतात. "चौदा महिन्यांत अशी झोपलेली बघितली नव्हती तुला. धर, चहा घे."

मी कप घ्यायला हात पुढे करते. आत्या कप देता देता थांबतात. तो स्टुलावर ठेवतात आणि माझं मनगट धरून हात उजेडाकडे वळवतात.

"हे काय गं? भर दुपारी धुणं काढलं होतंस का?"

माझ्या उजव्या हाताची पाचही बोटं टोकाला पांढरी फटक, सुरकुतलेली आहेत. तासभर पाण्यात बुडवून ठेवावीत तशी. ड्रेसची बाही कोरडी आहे. डावा हात कोरडा, उबदार, उशीच्या घड्या उमटलेला.

"नाही हो, आत्या. झोपले होते मी."

"मग हे असं कसं?"

 आत्या चष्म्यावरून माझ्याकडे बघतात, मग पदराच्या टोकात माझी बोटं धरून एकेक करून चोळायला लागतात, लहान मुलाला नदीतून बाहेर काढल्यावर चोळतात तशी. चहावर साय धरते. सुरकुत्या जात नाहीत.