न जन्मलेल्या फायजचा बाप

आमच्या इरबिद शहराच्या सिनाइयात, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या आळीत, अबू फायजला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. आणि फायजला पाहिलेला माणूसही सापडायचा नाही. कारण फायज जन्मालाच आला नाही. पुरुषाला थोरल्या मुलाचा ‘अबू’, म्हणजे बाप, म्हणून हाक मारायची ही आमची रीत. मुलगा नसेल, तर होणाऱ्या मुलाला त्याच्या आजोबाचं नाव लावायचं आणि तो होईलच असं धरून चालायचं. लग्न झाल्यापासून हा माणूस अबू फायज. मग झाली हदील, एकुलती एक. तरी लोक फायजलाच धरून बसले आणि खरं सांगायचं तर बापही धरून बसला. दुकानावर ‘अबू फायज, गाड्यांची वायरिंग’ ही पाटी त्यानंच हौसेनं रंगवून घेतली होती.

बापाचे डोळे अधू झाल्यापासून दुकानातलं बारीक काम हदीलच करायची, पण आतल्या खोलीत. बाहेर स्टुलावर बाप. गिऱ्हाईक म्हणायचं, “अबू फायज, तुझ्या हाताला तोड नाही,” आणि तो मिशीतल्या मिशीत हसून गप्प राहायचा. त्या गप्प राहण्याची त्याला लाज वाटायची, पण गिऱ्हाईक तुटेल ही भीती त्याहून मोठी होती.

त्या शनिवारी त्याचा थोरला भाऊ अबू तामर गाडी घेऊन आला. गुरुवारी त्याच्या तामरचं लग्न झालं होतं. वरातीची फुलं अजून गाडीवर कोमेजत होती आणि मागच्या काचेच्या मधोमध वायपर उभाच अडकला होता.

“मेलाय हा,” अबू तामर म्हणाला. “फ्यूज बदलला, तोही उडाला. आणि हो, दुकानाचं काय ठरवलंस? महिना झाला विचारतोय. तामरच्या हाती दे आणि मोकळा हो. हदील काय, आज ना उद्या परक्याच्या घरी जाणार.”

“तामर तर मोबाइल विकतो. त्याला वायरिंगमधलं काय कळतं?”

“शिकेल की! पाटीवरचं आपल्या वडिलांचं नाव तरी घराण्यात राहील. आज हो म्हण, म्हणजे झालं.”

अबू फायजच्या ओठांवर ‘हो’ आलंच होतं. आपल्यामागे पोरीकडे गाडी कोण आणणार, या काळजीनं त्याला पोखरलं होतं. विषय टाळायला तो गाडीकडे वळला. नवा फ्यूज घातला, बटण दाबलं, डिकीच्या दाराला कान लावला. फ्यूज पुन्हा उडाला, आतून आवाज काही नाही.

“मोटर जळली,” त्यानं निकाल दिला. “भंगारवाल्याकडून दुसरी आण.”

“बाबा, थांबा जरा.” हदील आतल्या खोलीतून बाहेर आली होती. गिऱ्हाईक समोर असताना ती अशी कधी येत नसे.

“तू चहा कर, पोरी,” अबू तामर म्हणाला. “मरमियाची पानं जरा जास्त टाक.”

“करते काका. आधी गाडी बघते, मग चहाही गोड लागेल.”

तिनं दाराचं आतलं आवरण उचकटलं आणि मोटरचा प्लग काढला. आता नवा फ्यूज टिकला आणि तपासायचा दिवा प्लगवर लख्ख लागला. म्हणजे वायरी ठणठणीत. मग तिनं मोटर क्षणभर थेट बॅटरीला जोडली. मोटर गुणगुणली, पण जागची हलली नाही.

“बघ! मी काय म्हणालो?” बापानं मांडीवर थाप मारली.

“जळलेली मोटर अशी गुणगुणत नाही, बाबा. जळका वासही नाही. जिवंत आहे ती. कुणीतरी तिचा गळा धरलाय.”

वायपरचा दांडा काढून तिनं मोटर बाहेर घेतली. दांडा ज्या दांडीवर बसतो, तिच्या रबराच्या कडीत चिमटा घातला आणि ओढू लागली. पीळ पडलेली पांढरी रेशमी फीत निघत गेली, निघतच गेली.

“काका, वरातीत पाऊस होता ना?”

“धो धो.”

“पुढचे वायपर चालू ठेवून गाडी मागे घेतलीत?”

“मग! हॉलच्या दाराशी लावायला नको?”

“तेव्हा मागचा वायपर आपोआप सुरू झाला. आणि त्याला तर कुणीतरी फीत बांधून ठेवली होती.”

आमच्याकडे वरातीच्या गाडीला हाताला लागेल तिथे फीत बांधतात, आणि ही कुणी बांधली ते अबू तामरच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

हदीलनं दांडी पुसली, ग्रीस लावलं, मोटर बसवली. दांडा लावण्याआधी मोटर एकदा फिरवून आपल्या जागी थांबू द्यावी लागते, नाहीतर वायपर भलतीकडेच आपटतो. भलेभले कारागीर हे विसरतात. सांगायला बापानं तोंड उघडलं, तोवर तिनं मोटर फिरवून थांबवलीही होती. त्यानं तोंड मिटलं. भर दुकानात लेकीनं त्याला खोटं पाडलं होतं, आणि त्याची छाती अभिमानानं इतकी भरून आली की स्टुलावर बसवेना.

वायपर झुलू लागला. हदील चहा करायला आत गेली.

“चला, काम झालं,” अबू तामर म्हणाला. “आता दुकानाचं बोल, अबू फायज.”

“कोण फायज?”

“म्हणजे?”

“इतकी वर्षं वाट पाहिली, आला नाही तो. जी आली तिला मी आत लपवून ठेवली. तुझ्या जुन्या गाडीची सगळी वायरिंग कुणी बदलली, ठाऊक आहे? आत्ता जिला चहा करायला पिटाळत होतास, तिनं. दुकान हदीलचं. आणि मी अबू हदील.”

“वेडा झालास? पोरीच्या नावानं हाक मारून घेणार? लोक हसतील.”

“हाक मोठ्यानं मारा म्हणावं. हल्ली ऐकूही कमी येतं. मोटर गुणगुणते तेसुद्धा कळत नाही.”

अबू तामर तडक गाडीत जाऊन बसला. हदील पेले घेऊन दारात आली, तोवर त्यानं गाडी सुरू केली होती. मागचा वायपर दोनदा झुलला, काच स्वच्छ झाली. गाडी मात्र हलेना. मग खिडकीची काच खाली आली.

“चहा पाजल्याशिवाय घालवणार आहेस का मला,” तो रागानंच म्हणाला, “अबू हदील?”

हदीलच्या हातातला चहा तबकात सांडला. बापानं तिच्याकडून एक पेला घेतला आणि भावाला द्यायला स्वतः रस्त्यावर गेला.