हिरव्या पातळाचा खरा रंग

घाटे साहेबांच्या रायपुरातल्या चौबे कॉलनीतल्या घरी मी पहिल्यांदा गेले ती काकूंना हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला. दार उघडताच सिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, वास आला. "लोणचं घातलं का काकू?" मी विचारलं. काकू म्हणाल्या, "लोणचं कायचं, यांचा सिनेमा सडून राहिला." आत साहेब हातमोजे घालून गंजक्या डब्यातलं एक रीळ उलगडत होते. जुनी फिल्म कुजायला लागली की असा वास सुटतो, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे मीही त्या कामात ओढली गेले.

साहेब उरला औद्योगिक भागातल्या एका रोलिंग मिलमधून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला निघतात, साहेब भंगारवाल्यांकडे निघाले. बंद पडलेल्या टॉकीजमधल्या प्रिंट तिथेच येऊन पडत. फिल्मची एकेक चौकट टिपणारा स्कॅनर त्यांनी घरीच जुळवला, त्याचे सुटे भाग ओळखीच्या लेथवर कातून घेतले. माझे वडील अंथरुणाला खिळले होते, तेव्हा हेच साहेब प्रोजेक्टर घेऊन पुरानी बस्तीत आमच्या घरी आले आणि भिंतीला चादर लावून त्यांना अख्खा सिनेमा दाखवला. मध्यंतरात चहा मात्र हक्काने मागून घेतला.

त्यांच्या हाती एका जुन्या रंगीत मराठी चित्रपटाची प्रिंट लागली. आपल्या मराठी मंडळातल्या ज्येष्ठांनी तो तरुणपणी रायपुरातच पाहिलेला. दुसरी प्रत कुठे असल्याचं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि हीही इतकी आकसली होती की एकदा स्कॅन झाली तेवढीच. त्यातून रंग उडून सगळं गुलाबी पडलेलं. मूळ रंग परत आणायचा तो नजरेच्या भरवशावर. साहेब वर्ष-दीड वर्ष त्याला चिकटून बसले. एकदा काकू मागून जाता जाता थबकल्या.

"अहो, हिचं पातळ निळं काहून दिसून राहिलं? हिरवं होतं ते. तसंच मी घेतलं होतं."

"निळं कुठं? हिरवंच आहे ते. मी रोज पाहून राहिलो," साहेब म्हणाले.

काकूंचं ते पातळ केव्हाच भांड्यांवर गेलेलं, त्यामुळे पुरावा काही नव्हता. चित्रपट तसाच गावोगावच्या शौकिनांकडे गेला. भिलाईच्या एका भैयांनी कळवलं, "दादा, अब इसे कोई हाथ न लगाए." आम्हीही माना डोलावल्या.

मग साहेबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी परवानगी देताच ते पडद्यासमोर बसले. आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. शेवटी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "ऐकलं का? पातळ निळंच आहे."

"मी कव्हाची सांगून राहिली," आतून उत्तर आलं.

तक्रार कुणाचीच नव्हती, गप्प बसले असते तरी चाललं असतं. साहेबांनी मात्र प्रत्येकाला कळवलं: मोतीबिंदूमुळे माझ्या डोळ्यात पिवळेपणा साचला होता, निळा रंग फिका दिसायचा, म्हणून मी तो जास्त घातला, ती प्रत पुसून टाका. आणि ते पहिल्या चौकटीपासून पुन्हा कामाला लागले. या खेपेला शेजारी काकूंची खुर्ची होती. मूळ स्कॅन त्यांनी हात न लावता वेगळा ठेवला आहे. उद्या कुणाला माझीही चूक दिसली तर त्याने सुधारावी, असं ते म्हणतात. या वयात आपलं कौतुक स्वतःच्या हाताने परत करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

साहेबांच्या पंच्याहत्तरीनिमित्त मंडळाच्या हॉलमध्ये तो चित्रपट दाखवला. सगळे पडद्याकडे पाहत होते, साहेब काकूंच्या तोंडाकडे. नायिका अंगणात आली. काकू हळूच म्हणाल्या, "हव. हेच." तेव्हा कुठे साहेबांनी पडद्याकडे मान वळवली.

साहेबांना निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो, आणि तेवढंच काकूंनाही. चुकलं तर तोंडावर सांगणारं माणूस त्यांच्या शेजारी सदैव असो.