चाचा खरं बोलले तेव्हा

म्हसळ्याजवळच्या एका आरोग्य केंद्रात मी डॉक्टर आहे. आसपासच्या गावांतल्या नर्स आणि आशाताईंना, पेशंटची बिडी-सिगारेट कशी सोडवायची हे शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

सकाळभर मी एकच घोकत होतो: रागावू नका, लाजवू नका, आधी ऐका. दुपारी प्रात्यक्षिकासाठी एका चाचांना बोलावलं. त्यांचं आयुष्य आखातातल्या बोटींवर गेलेलं, आता चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. माझं ऐकून त्यांनी दोन महिने बिडीला हात लावला नव्हता. त्यांच्या तोंडून माझं कौतुक होईल, असं मी मनात धरलं होतं.

"चाचा, कसं चाललंय?"

"खरं सांगू, डॉक्टरसाहेब? गेल्या आठवड्यात लेकीची पाठवणी झाली, त्या दिवशी राहवलं न्हाय. तवापासून रोज दोन-तीन होतात."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. माझा तोल गेला. "म्हणजे दोन महिने पाण्यात! तुमचेही आणि माझेही!"

चाचांनी टोपी सारखी केली, सलाम केला आणि निघून गेले.

पुढच्या बाकावरची आशाताई भराभर लिहीत होती. मी डोकावलो. 'पुन्हा ओढल्यास किती दिवस वाया गेले ते पेशंटला सांगणे.' माझे कान तापले. "ते खोडा," एवढंच म्हणालो. मी चुकलो, हे काही तोंडातून निघेना. चहाची सुट्टी देऊन मी बाहेर पडलो.

संध्याकाळी आमच्या सिस्टरना घेऊन चाचांच्या घरी गेलो, माफी मागितली. "खोटं बोललो असतो तर तुम्ही खूश झाला असता," ते शांतपणे म्हणाले.

सिस्टरनी विचारलं, "चाचा, सगळ्यात जास्त तलफ कधी येते?"

"असरच्या, दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर. त्या वक्ताला लेक चहा आणायची."

"मग त्या वेळेला मी फोन करत जाईन."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सगळं कबूल केलं, पण कुणाच्या नजरेला नजर देववली नाही.

सिस्टरनी रोज फोन केला. हळूहळू चाचांची बिडी सुटली. तपासणीला येतात तेव्हा माझ्या दारावरून पुढे जाऊन सिस्टरपाशी बसतात. मी विचारलं की म्हणतात, "एकदम ठीक, साहेब." खरं कसं चाललंय, ते मला सिस्टरकडून कळतं.