एका हातातले दोन कागद

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या आमच्या गावात मतदान शाळेत होतं. फाटकाशी एक बाप आणि त्याची लेक विरुद्ध पक्षांचे प्रचाराचे कागद वाटत उभे होते. बाप लोखंडाच्या खाणीत ट्रक चालवतो. त्याच्या बुटांच्या शिवणीत लाल माती रुतलेली. लेक याच शाळेत शिकवते.

"खनिजावर कर वाढला की खाण आवरती घेतील, आणि पहिला मी घरी बसेन."

"आणि नाही वाढला तर सरकारचं कर्ज माझी पोरं फेडतील. खणलेलं लोखंड काय पुन्हा उगवतं, बाबा?"

"बाईसाहेब, आधी पोटाचं बघू," म्हणत त्यानं आपले कागद तिच्या हाती दिले आणि तो मतदानाच्या दिवशी शाळेत भाजून विकतात त्या सॉसेजच्या रांगेत गेला.

मी पुढे झालो. तिनं मला स्वतःचा कागद दिला, मग बापाचाही. "हा बाबांचा. नीट वाचा हं."

तिकडे भारतात माझ्या तालुक्याच्या गावी निवडणुकीपायी सख्खे भाऊ वर्षभर अबोला धरत. मी घरातला पहिला पदवीधर, सरकारी शिष्यवृत्तीवर, म्हणजे अनोळखी माणसांच्या करावर शिकलेला. इथला नागरिक झाल्यावरचं हे माझं पहिलं मत, आणि ते ठरलेलंच होतं. इथे मतपत्रिकेवर प्रत्येक उमेदवारापुढे पसंतीचे आकडे पेन्सिलीनं लिहितात. लेकीच्या पक्षापुढे मी एकचा आकडा लिहिला. पेन्सिल हलकी होती, तरी वेळ लागला.

बाहेर आलो तर बाप लेकीच्या सॉसेजवरचा कांदा बाजूला काढत होता. मला बघून तो हसला. कुणाला मत दिलं, हे त्यानं विचारलं नाही. मीही हसलो, त्याच्या बुटांकडे मात्र बघितलं नाही.