बैठकीतलं किड्याचं कातडं

आमच्या बैठकीत आमच्या लग्नाचा फोटो नाही. तिथं माशाच्या पोटातल्या पट्टकृमीच्या कातड्याचा फोटो आहे, सोनेरी चौकटीत. आमचे हे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. मोठ्या यंत्राखाली हजारो पटींनी वाढवून बघितलं की त्या गुळगुळीत कातड्यावर बारीक केसांचं दाट रान दिसतं. लग्नानंतर कितीतरी दिवस यांनी माझ्याकडं मान वर करून बघितलं नव्हतं. किड्याचा मात्र केस न् केस बघितला.

या किड्याला तोंड नाही, पोट नाही. माशानं खाल्लेलं तो कातडीनंच शोषून घेतो. मी चौथी शिकलेली, पण हे मला लगेच समजलं. आमच्या घरात तरी चहा मागायला कोण तोंड उघडतं?

लेकीला बघायला गंगापूरची मंडळी आली. मुलगा तिच्याच ऑफिसातला, तिला मनापासून आवडलेला. फक्त त्याच्या घरच्यांचा होकार बाकी होता. मासे आवडतात म्हणाले, म्हणून मी मरळ केली.

जेवता जेवता मुलाच्या वडिलांनी भिंतीकडं बघितलं. "बाजरी लई दाट आलीय की हो. कुठलं रान हे?"

मी दाराआड हात जोडले. बाजरी तर बाजरी, म्हणून टाकायचं! पण हे खुलले.

"रान नाय हो, कातडं! मरळीच्याच आतड्यात सापडला हा किडा."

सगळ्यांचे हात ताटातच थांबले. लेकीनं मान खाली घातली. मुलाची आई ताट उचलून सरळ आत आली.

"ताई, तुम्हाला ठाऊक व्हतं हे?"

अनोळखी माणसापुढं माझी वाचाच बसते. "व्हय," एवढंच निघालं. मग धीर करून म्हणाले, "आतडं काढून टाकलं, मासा चांगला शिजवलाय. किडा फक्त भिंतीवर राहिलाय."

त्यांनी एक घास खाऊन बघितला. "अन् हे कायम असंच बोलतात?"

"जेवताना जास्त."

त्या खो खो हसल्या. "आमचे म्हशीच्या गोचिडांवर बोलतात. बसा, आपण इथंच जेवू."

आठवड्यानं होकार आला. अट एकच, मांडवात मुलीच्या वडिलांनी माइक हातात घ्यायचा नाही. गंगापूरकरांना विज्ञानाची कदर नाही, असं हे दोन दिवस म्हणत होते. ती अट मीच जेवताना विहीणबाईंच्या कानात सांगितली होती. यांनी मला काही विचारलं नाही. मी चहाचा कप पुढं ठेवला.