तीस दिवस आधी कळवावे

वर्ना टिसडेल आणि मी एकोणीस वर्षं एका खोलीत बसलो. खोली अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या मसुदा कार्यालयातली. खिडकीतून वॉशिंग्टनच्या संसदभवनाचा घुमट दिसतो असं आम्ही घरच्यांना सांगितलं होतं. खरं म्हणजे कचऱ्याचे डबे दिसायचे. हीटर आणि एसीच्या कृपेनं जानेवारीत आम्हाला घाम फुटायचा आणि जूनमध्ये हुडहुडी भरायची, म्हणून वर्नाच्या खुर्चीवर बाराही महिने एक राखाडी स्वेटर असायचा. त्याची कोपरं विरली होती, पण नवा घे म्हटलं की ती विचारायची, "कुठल्या कलमाखाली?"

सदस्यांना हवं असेल ते कायद्याच्या भाषेत लिहून देणं हे आमचं काम. सदस्य कुठल्या पक्षाचा, त्याचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, याच्याशी आम्हाला कर्तव्य नसतं. सकाळी एकाला बंदी लिहून द्यायची, दुपारी दुसऱ्याला ती उठवून द्यायची, आणि पाचच्या बसनं घरी जायचं.

राष्ट्रीय सुरक्षेच्या प्रत्येक विधेयकात आधी गर्जना असते. अमुक देशाची अमुक वस्तू यापुढे कुणी घ्यायची नाही, वापरायची नाही, दुसऱ्याला वापरू द्यायची नाही. ती गर्जना सदस्य स्वतः हावभावांसकट सांगतात. मग शेवटच्या पानावर सूट येते: मंत्र्यांना योग्य वाटल्यास घेता येईल. सूट सांगायला कुणी येत नाही. ती वर्ना लिहायची, आणि सूट लिहिण्याच्या बाबतीत सबंध इमारतीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हॉटेलातही बाईंचं तेच. मेनू कार्डावर 'पदार्थ बदलून मिळणार नाहीत' असं दिसलं की ती वेट्रेसला शांतपणे विचारायची की हा निर्णय कोणाचा, आणि त्याला अपवाद करण्याचा अधिकार कोणाकडे आहे. वेट्रेस गोंधळून आत जायची आणि बटाट्यांच्या जागी कोबी घेऊन यायची. मी तेवढ्या वेळात दुसऱ्या टेबलाकडे बघत बसायचो.

आमच्या धंद्यात नव्या वाक्याला फार भितात. नवं वाक्य दिसलं की चार वकील, सहा सहायक आणि एखादा जनरल धावून येतो. म्हणून आम्ही एकदा कायदा झालेली वाक्यं उचलतो. आधी पास झालंय म्हटलं की सगळे मान डोलावतात आणि जेवायला जातात. वर्नाचं सगळ्यांत जास्त उचललं गेलेलं वाक्य अकरा वर्षांपूर्वीचं, युद्धनौकांच्या इंजिनांसाठी लिहिलेलं. मंत्र्यांनी स्वतः, दुसऱ्या कुणाकडे न सोपवता, प्रत्येक प्रकरण वेगळं तपासून, चार समित्यांना तीस दिवस आधी लेखी कळवून सूट द्यावी. नौका बांधायला चार वर्षं लागतात, तिथे तीस दिवस म्हणजे काहीच नाही. वाक्य चोख होतं. पुढे ते रडारला लागलं, मग बंदरावरच्या कॅमेऱ्यांना, मग टेलिफोनच्या यंत्रांना, आणि एकदा तर घोड्यांची हाडं बघायच्या एका यंत्राला. प्रत्येक वेळी वर्ना मला जरा मिरवून सांगायची, "परत पास झालं."

गेल्या वसंतात ड्रोनचं विधेयक आलं. घेऊन आला समितीचा सहायक, प्रेस्टन हॅलीगन. वय सत्तावीस, बूट टोकदार, आणि बोलताना घड्याळाकडे बघायची सवय. बेत असा होता: ज्या संस्थेला सरकारी अनुदानाचा एक डॉलरही मिळतो, मग ते अग्निशमन पथक असो की विद्यापीठ, तिनं यादीतल्या देशांत बनलेला ड्रोन उडवायचा नाही. यादीत चीन पहिला. वर्नानं दोन दिवसांत मसुदा उभा केला आणि शेवटच्या पानावर आपलं तीस दिवसांचं कलम डकवलं. मी वाचून बघितला आणि छान आहे म्हणालो. मलाही काही दिसलं नाही.

आठवड्यानं तिच्या भावाचा फोन आला. एमेट वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात राहतो. पोट भरायला शाळेच्या बस दुरुस्त करतो, आणि बकहॉर्न काउंटीच्या स्वयंसेवक अग्निशमन पथकाचा तो प्रमुख आहे. पथकात अकरा माणसं. तीन वर्षं रविवारी पॅनकेक विकून त्यांनी एक चिनी ड्रोन घेतला होता, अंगाची ऊब दिसणाऱ्या कॅमेऱ्याचा. इकडचा घ्यायचा तर बारा वर्षं पॅनकेक विकावे लागले असते. नोव्हेंबरात ओपल रिची नावाच्या, स्मृतिभ्रंश झालेल्या एक्याऐंशी वर्षांच्या बाई रात्रीच्या गाउनवर घरातून निघून झाडीत शिरल्या, त्या या ड्रोननं चाळीस मिनिटांत शोधल्या. त्याच्या आदल्या वर्षी, ड्रोन नसताना, असेच एक म्हातारे हरवले होते. ते दुसऱ्या दिवशी सापडले, आणि त्यांच्यासाठी मग घाई करायचं कारण उरलं नव्हतं.

वर्नाचे हात अंड्याच्या सँडविचनं बरबटलेले, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला होता.

"अगं, ते ड्रोनचं विधेयक तुमच्याकडनं निघालंय म्हणे."

"सगळीच आमच्याकडनं निघतात."

"त्यात सूट आहे म्हणतात. अर्ज कुठे करायचा तेवढं सांग."

वर्नानं करंगळीनं मसुदा उघडला आणि कलम वाचून दाखवलं. मग तो म्हणाला, परत वाच. तिनं परत वाचलं.

"म्हणजे माणूस हरवायच्या तीस दिवस आधी मी कळवायचं."

"तसं नाही रे. प्रकरण म्हणजे..." आणि ती थांबली. अकरा वर्षं तिला प्रकरण म्हणजे काय ते पक्कं माहीत होतं. एक नौका, एक कंत्राट. एमेटच्या पथकाचं एक प्रकरण म्हणजे गाउनवर निघून गेलेली एक म्हातारी.

"आणि सही खुद्द मंत्र्यांची. ओपल रिचीसाठी."

"हो."

"कुठल्या गाढवानं लिहिलंय हे?"

वर्नानं सँडविच खाली ठेवलं. "मी लिहिलंय, एमेट."

तो अगदी साधेपणानं म्हणाला, "मग खोडून टाक ना."

आता याला काय सांगणार? सदस्यानं सांगितल्याशिवाय आम्ही स्वल्पविरामही हलवत नाही. आम्हाला एकच प्रश्न विचारायची मुभा आहे: हाच आपला हेतू आहे का? तो प्रश्न घेऊन वर्ना तीन मजले उतरून प्रेस्टनकडे गेली. परत आली ती स्वेटर हातात घेऊन. प्रेस्टननं तिला नीट बसवून पाणी दिलं होतं, आणि सांगितलं होतं की निवडणूक तोंडावर आहे, समितीच्या अध्यक्षांना ढिलं दिसून चालणार नाही. शेवटी त्यानं समजूत घातली होती.

"तो म्हणाला, वर्ना, ही सूट वापरण्यासाठी नाहीये. ती असण्यासाठी आहे." एवढं सांगून तिनं पेन्सिल उचलली आणि टोक करायला बसली. टोक झालं तरी थांबली नाही. शेवटी चिमटीत मावेना इतकी पेन्सिल उरली, तेव्हा तिनं दुसरी घेतली.

असण्यासाठी असलेली सूट. जिन्याचं चित्र रंगवलेली भिंत दाखवून इमारतीला आग लागल्यावर इकडून उतरा म्हणायचं, आणि वर पाणीही विचारायचं. प्रेस्टनला पगार मिळतो त्याचा. आणि तो जिना एकोणीस वर्षं आम्हीच रंगवत होतो, हे मला त्या पेन्सिलच्या भुशाकडे बघताना कळलं.

वर्नाला कुणाकडे रदबदली करता येत नव्हती. एमेटला येत होती. तो चांगला कोट घालून सहा तास गाडी चालवत आला आणि आपल्या मतदारसंघाच्या सदस्य बाईंना, जेनीव्हा स्ट्रॅटन यांना भेटला. त्या समितीवर होत्या, आणि अध्यक्षांच्याच पक्षाच्या. नऊ मिनिटं मिळाली. बाई हेलावल्या. दुरुस्ती आणते म्हणाल्या: माणसं शोधणाऱ्या पथकांनी आधी उडवावं, मग कळवावं. दुरुस्ती लिहायला अर्थातच आमच्याकडे आली. भावाचं प्रकरण म्हणून वर्नानं नियमाप्रमाणे ती माझ्याकडे दिली आणि आपण तिच्याकडे बघणारही नाही असं जाहीर केलं. मग दोन तास माझ्या मागे उभं राहून जोरजोरात श्वास घेत होती.

समितीची बैठक गुरुवारी सकाळी होती. सदस्य घोड्याच्या नालेसारख्या टेबलाशी, आम्ही त्यांच्या पाठीमागे भिंतीला लागून, एमेट लोकांच्या बाकांवर. आम्ही तिथे फक्त विचारलेल्याचं उत्तर द्यायला बसतो, आणि वर्षानुवर्षं कुणी काही विचारत नाही. स्ट्रॅटनबाई चार मिनिटं सुरेख बोलल्या. ओपल रिचींचं नाव घेतलं, एमेटला उभं राहायला सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जास्त वेळ अध्यक्षांनी.

मग अध्यक्ष मागे वळले. आत्ता आहे त्या मसुद्यात सूट आहेच ना, असं त्यांनी विचारलं. प्रेस्टननं आहे म्हटलं आणि वर्नाकडे बोट केलं.

"आहे, अध्यक्ष महोदय," वर्ना म्हणाली.

"म्हणजे या गृहस्थांचं पथक सूट मागू शकतं."

"मागू शकतं. माणूस हरवायच्या तीस दिवस आधी."

क्षणभर कुणाला कळलं नाही, मग हशा पिकला. अध्यक्षही दिलखुलास हसले. बघा, याच गोष्टीवर काम करायला हवं, असं म्हणाले, आणि सन्माननीय सदस्यांनी दुरुस्ती मागे घ्यावी, विधेयक पुढे जाईल तसतसं आपण मिळून यावर विचार करू, अशी विनंती केली. स्ट्रॅटनबाईंनी आभार मानले. दुरुस्ती मागे घेतली. दोन मिनिटांत पुढचा विषय सुरू झाला.

बाहेर एमेट आम्हाला शोधत आला. कोट काढून हातावर घेतला होता, चेहरा फुललेला.

"झालं ना? त्यांनी टाळ्या वाजवल्या."

वर्नानं त्याला सांगितलं. मिळून विचार करू, याचा आमच्या इमारतीत काय अर्थ होतो तेही सांगितलं. तो ऐकत राहिला आणि पार्किंग किती वाजेपर्यंत आहे असं विचारून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आमच्या वरिष्ठांनी वर्नाला बोलावून समज दिली, विचारलं होतं त्यापेक्षा एक वाक्य जास्त बोलली म्हणून. विधेयक सभागृहात दणदणीत बहुमतानं पास झालं, कलम जसंच्या तसं. स्ट्रॅटनबाईंनी बाजूनं मत दिलं आणि मतदारसंघात पत्रक काढलं, त्यावर एमेटचा फोटो. आता ते सेनेटमध्ये पडून आहे, कदाचित वर्षभर पडून राहील. पण राज्याच्या अनुदान कार्यालयाला इतका धीर कुठला. कायदा येऊ घातलाय, तेव्हा ऑक्टोबरपासून असे ड्रोन बंद ठेवावेत, नाहीतर अनुदानाचा विचार होणार नाही, असं पत्र त्यांनी सगळ्या पथकांना धाडलं. न झालेला कायदा इतक्या तत्परतेनं पाळणारे लोक मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. झालेल्या कायद्यांच्या बाबतीत यांना अशी घाई कधी होत नाही.

पथकाची बैठक रविवारी चर्च सुटल्यावर, बंबाच्या शेडमध्ये. वर्नाबरोबर मीही गेलो. आधी घेवड्याचा रस्सा आणि मक्याचा पाव झाला. मग एमेटनं पत्र वाचलं. अनुदानातून त्यांना धुरात घालायचे श्वासाचे संच मिळतात. ते नसले तर जळत्या घरात शिरता येत नाही, आणि तेवढे पॅनकेक आख्खी काउंटी खाऊ शकत नाही. फार वाद झाला नाही. ड्रोन बंद ठेवायच्या बाजूनं नऊ हात, विरुद्ध दोन. विरुद्ध हात एक एमेटचा आणि एक डार्लीनचा. डार्लीन शाळेत स्वयंपाक करते, आणि ड्रोन तीच उडवते.

एमेटनं वर्नाला ठराव लिहून द्यायला सांगितलं. ती लिहायला बसली तेव्हा डार्लीन भांडी गोळा करता करता म्हणाली, "बाई, तुमच्या कायद्यात असते तशी एखादी सूट घाला की. नुसती असायला नको. वापरता येईल अशी घाला."

प्रेस्टनचं वाक्य तिला कुणी सांगितलं होतं ते मला माहीत नाही. बहुतेक एमेटनं. वर्नानं मान वर केली. तिचे कान लाल झाले होते. मग खाली बघून चार मिनिटांत तिनं जे लिहिलं, त्यातला एक शब्दही आधी कुठे पास झालेला नव्हता.

एमेटनं ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पथक हे यंत्र उडवणार नाही. पण माणूस हरवला असेल तर त्या वेळी शेडमध्ये जो कोणी असेल, त्यानं ही बंदी उठवावी. कुणाला विचारू नये. कळवायचंच झालं तर माणूस सापडल्यावर कळवावं.

"हे कायद्यात बसतं का?" एमेटनं विचारलं.

"नाही."

"अनुदान जाईल?"

"त्यांना कळलं तर जाईल. मी तुम्हाला फसवणार नाही."

एका म्हाताऱ्यानं घसा साफ करून विचारलं की शेडमध्ये कुणीच नसलं तर काय. वर्ना म्हणाली, मग जो पहिला पोचेल तो. तिनं ते शब्द समासात घालून दिले. एमेटनं परत मत घेतलं. या वेळी अकराच्या अकरा हात वर गेले. माझाही गेला होता, तो मोजला नाही.

ड्रोनची पेटी बंबामागच्या कपाटात ठेवायचं ठरलं, कुलूप न लावता. डार्लीननं ती उचलली आणि दारात थांबून विचारलं की बंदच ठेवायचाय तर बॅटरी काढून ठेवू का, का चार्जिंगला लावू.

"आत्ताच लाव," वर्ना म्हणाली.